झोप नाही, तरी दमत नाही?

समजा, तुमचा हॉस्टेलवरचा रूममेट. एरवी शांत. पण गेला आठवडाभर तो रात्री जेमतेम दोन तास झोपतो आणि सकाळी तुमच्यापेक्षा फ्रेश! बोलणं सुसाट, एक विषय संपायच्या आत दुसरा. फीचे पैसे कुठल्याशा बिझनेसमध्ये घातले. मध्यरात्री बाइक काढून एकटाच शिर्डीला निघाला. तुम्ही म्हणता, "भाऊ फुल चार्ज आहे!"

थांबा. हा आजार असू शकतो.

बायपोलर डिसऑर्डरमध्ये मूड दोन टोकांना जातो. नैराश्याचं टोक आपल्याला आता थोडंफार कळतं. दुसरं टोक मेनियाचं, म्हणजे उन्मादाचं. परीक्षेच्या जागरणाने आपण दमतो. मेनियात झोपेची गरजच वाटत नाही. तो तीव्र झाला की "देवाने मलाच निवडलंय" असं ठाम वाटू लागतं, नसलेले आवाज ऐकू येतात. मग गावाकडे कुणीतरी म्हणतं, "अंगात आलंय," आणि डॉक्टरऐवजी भगत गाठला जातो.

हा आजार बऱ्याचदा ऐन कॉलेजच्या वयातच सुरू होतो. त्यात गंमत अशी, की मेनियात माणसाला स्वतःला भारी वाटत असतं. तो कशाला डॉक्टरकडे जाईल? म्हणून आधी दिसतं ते मित्रांना.

उपचार आहेत. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी मेनियावर लिथियमचा उपयोग दाखवला. ते आजही वापरतात, रक्त तपासत तपासत. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद केल्या, तर आजार उलटतो.

उपचार आणि घर, दोन्ही सुटलं तर काय होतं? आपल्या नगरजवळ शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं 'माऊली' आहे. मानसिक आजारामुळे रस्त्यावर आलेल्या बेवारस महिलांना तिथे आसरा मिळतो. गोष्ट तिथवर जायलाच नको.

मग तुम्ही काय करायचं? वाद घालू नका, रील काढून हसू नका. बाइकची चावी गोड बोलून काढून घ्या. घरी कळवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा. जिवाला धोका वाटला तर थेट हॉस्पिटल. काय करावं सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे.

तो कदाचित तुमच्यावर चिडेल. चिडू दे. दोस्ती नंतर जोडता येते.