एपिसोडची लिखित प्रत : पाण्याखालचा फोटो हिरवा का येतो?

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन तारकर्लीला गेलो होतो. साठीला टेकलेली बाई, पोहता येत नाही, तरी इन्स्ट्रक्टरचा हात धरून सहा मीटर खाली उतरली. वर आल्यावर पहिलं वाक्य काय? "अरे, माझा दोरा खाली काळा पडला होता!" मनगटावरचा लाल दोरा. बाहेर बघते तर लालच.

व्हिडिओतही दोरा काळा आणि आई हिरवी. "आजारी दिसतेय मी," म्हणाली. ती पुन्हा उतरेल याची खात्री नाही, म्हणून हाच व्हिडिओ सुधारायला बसलो. आणि तोंडावर आपटलो.

कारण साधं आहे. पाणी लाल रंग खातं. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दर मीटरला साधारण ३० टक्के घटतो, आणि उरलेल्यातून पुन्हा ३० टक्के. उलटं चक्रवाढ व्याजच म्हणा ना. यात एक गोष्ट लोक विसरतात : खोलीबरोबर कॅमेऱ्यापर्यंतचं अंतरही धरायचं. सहा मीटर खाली, अधिक दोन मीटर लेन्सपर्यंत, म्हणजे आठ मीटर. लाल उरला सहा-सात टक्के. शुद्ध पाण्यात निळा जवळजवळ शाबूत राहतो. पण आपल्या कोकणच्या पाण्यात प्लवक आणि गाळ असतो, तो निळाही खातो. राहतो हिरवा.

मग ॲपमध्ये लाल स्लायडर वाढवला की झालं? नाही. चाकणला जुन्या सोडियम दिव्याखाली उभी निळी गाडी आठवा, काळपट दिसायची. जो रंग सेन्सरपर्यंत पोचलाच नाही, तो वाढवून काय वाढणार? नुसते दाणे. रॉ फाइल असती तर थोडा वाव होता. माझ्याकडे दाबून बारीक केलेली एमपीफोर होती.

२०१९ मध्ये डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी 'सी-थ्रू' नावाची पद्धत मांडली. प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते काढून त्या हिशोबाने रंग परत आणायचा. भारी काम आहे, पण त्यालाही रॉ फोटो लागतात.

म्हणून खरा उपाय खालीच. जवळ जा, हाताच्या अंतरावर. टॉर्च घ्या : अर्ध्या मीटरवरून टाकलेला प्रकाश जाऊन-येऊन एकच मीटर पाणी कापतो, लाल ७० टक्के टिकतो. पण टॉर्च लेन्सला चिकटून नको. खंडाळ्याच्या धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच इथे गाळाचे कण चमकतात. बाजूने, तिरका धरा. टॉर्च नसेल तर ऊन डोक्यावर असताना उतरा, सूर्य पाठीशी ठेवा आणि त्या खोलीवर पांढरी पाटी दाखवून व्हाइट बॅलन्स लावा. लाल फिल्टरही चालतो, पण तो लाल वाढवत नाही, बाकीचे रंग कापतो; फ्रेम अंधारते. आणि पाउचमधल्या फोनचा टचस्क्रीन पाण्यात वेडा होतो, व्हॉल्यूमच्या बटणाने क्लिक करा. फोटोसाठी प्रवाळाला मात्र हात लावू नका, प्लीज.

शेवटी आईचा चेहरा जरा माणसात आणला. दोरा तपकिरीपर्यंत आला, पुढे हलेना. तिला दाखवला. म्हणाली, "दोरा काळाच ठेव. मी खाली काळाच बघितला होता."