गाडी लागते, त्यात गाडीचाही दोष असतो

ईदला गावी जायचं ठरलं की घरातलं एखादं मूल हमखास कुरकुरतं, "मला गाडी लागते." आपण लिंबू, आल्याचा तुकडा आणि पिशवी हातात देतो. रडलं तर "नाटकं करू नकोस" असं सुनावतो. पण हे नाटक नाही, आणि दोष फक्त पोटाचाही नाही.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. गाडी वळली, ब्रेक लागला की तो मेंदूला कळवतो, आपण हलतोय. डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतील, तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन्ही साक्षी जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला हा त्रास क्वचितच होतो, कारण वळण येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. 2 ते 12 वर्षांच्या मुलांना तो जास्त होतो.

म्हणून गाडीची रचना महत्त्वाची. मागची खिडकी लहान आणि उंचावर असेल, तर मुलाला रस्ता दिसतच नाही. जीपमधल्या आडव्या बाकांवर तर गाडी एकीकडे जाते, तोंड दुसरीकडे. सस्पेन्शन फार मऊ असेल तर गाडी होडीसारखी डुलते. साधारण 5 सेकंदांना एक, असे संथ हेलकावे सर्वात जास्त त्रास देतात. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलताच वेग झटकन उतरतो. बऱ्याच गाड्यांत हा जोर कमी करता येतो, तो कमीच ठेवावा.

कंपन्यांनीही उपाय शोधलेत. सित्रोएनने 2018 मध्ये कडांत रंगीत द्रव असलेला चष्मा आणला. गाडीबरोबर द्रव हलतो, त्यामुळे डोळ्यांनाही हालचाल दिसते. अ‍ॅपलने 2024 मध्ये फोनच्या पडद्याच्या कडेला गाडीबरोबर सरकणारे ठिपके जाहीर केले, तेही याच तत्त्वावर.

आपण काय करावं? गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हला मुलांना आणि दादीला मागे बसवा. बाहेरचं दिसतं का, ते त्यांनाच विचारा. लहान मूल मागेच, पण उंच बूस्टर सीटवर बेल्ट लावून बसवा. त्रास होणाऱ्या मोठ्यांना पुढची सीट द्या. घाटात मोबाइल बंद ठेवा. उलटीच्या गोळीने झोप येऊ शकते. म्हणून मुलांना ती डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

सफरची दुआ पढून आपण निघतोच. मागे बसलेल्याला खिडकीतून रस्ता दिसतोय ना, एवढंही निघण्याआधी बघून घेऊ.