‘आई, इंजिन गेलं!’

मे महिन्यातली संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगा ओरडला, ‘आई, इंजिन गेलं!’

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. मला वाटलं, माझी स्कूटी गेली! धावत जाऊन बघते तर साहेब कॉम्प्युटरसमोर. टेबलाला जुनं, कुणाकडून तरी घेतलेलं स्टीअरिंग बसवलेलं आणि पडद्यावर एक लाल गाडी धूर सोडत उभी.

एरवी मी नेहमीचं सुरू केलं असतं, ‘परीक्षा संपली म्हणजे अभ्यास संपला का...’ पण मैत्रिणींनो, ‘इंजिन गेलं’ हे दोन शब्द मला फार लागले होते. का ते पुढे सांगते. मी पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि विचारलं, ‘का रे गेलं?’

त्याला आधी खरंच वाटेना. मग मात्र तो रंगात आला. हा खेळ म्हणजे ‘असेटो कोर्सा’. इटलीतल्या ‘कुनोस सिम्युलाझिओनी’ या कंपनीने २०१४ साली तो पूर्ण स्वरूपात आणला. यात गाडी नुसती पळत नाही, ती खऱ्या गाडीसारखी वागते. टायर झिजतात, पेट्रोल संपतं आणि चुकीचं चालवलं तर इंजिनही जातं. नुकसान नको असेल तर ते बंद करून ठेवता येतं. पण आमच्या चिरंजीवांनी ते पूर्ण चालू ठेवलेलं. म्हणे, ‘त्याशिवाय शिकणार कसं?’

त्याने सांगितलेलं पहिलं कारण म्हणजे इंजिन सोसवेल त्यापेक्षा जास्त फिरवणं. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००! आतला पिस्टन सेकंदात शंभर वेळा वर जातो, शंभर वेळा खाली येतो. आणि वेग दुप्पट झाला तर त्या दांड्यांवरचा ताण दुप्पट नाही, चौपट होतो. माझ्या शिलाई मशीनची मला आठवण झाली. पायाने जोरात दामटलं की आधी खडखड, मग सुई तुटते. तसंच हे.

मी म्हटलं, ‘मग जास्त फिरूच द्यायचं नाही. काहीतरी सोय असेलच की.’ सोय असते. फेरे ठरावीक हद्दीला पोचले की इंधन किंवा ठिणगी क्षणभर तोडली जाते. पण खरी गोम पुढे आहे. गाडी पाचव्या गिअरमध्ये सुसाट चालली आहे आणि वळणावर घाईने चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला. आता इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. इंधन तोडून उपयोग काय? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि खेळ खलास. काही नव्या गाड्या असा चुकीचा गिअर घेतच नाहीत, पण जुन्या घेतात. त्याचं इंजिन असंच गेलं होतं. घाईने.

दुसरं कारण टर्बो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ताकद वाढते, पण दाब प्रमाणाबाहेर गेला की इंजिन आतून फुटायला लागतं. हे मला समजवावं लागलं नाही. शिट्टी अडकलेला कुकर आपल्यातल्या कुणी पाहिला नाही?

तिसरं कारण उष्णता. काही खेळांमध्ये पुढच्या गाडीला फार वेळ चिकटून राहिलं तर रेडिएटरला थंड हवा मिळत नाही आणि इंजिन तापतं. आपल्या कर्जतच्या शिवारात हे ट्रॅक्टरच्या बाबतीत होतं. ज्वारीच्या मळणीत रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो, काटा लाल रेघेवर जातो. तापल्यावर लगेच रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडू नये. दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

एवढं ऐकून मी विचारलं, ‘आणि तेल?’

‘या खेळात तेलाची काळजी नसते आई, ते असतंच.’

मी गप्प झाले. कारण माझं इंजिन तेलानेच गेलं होतं.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. बचत गटाच्या बैठकीला राशीनच्या रस्त्याने निघाले होते. वाटेत स्कूटीचा आवाज बदलला, जोर गेला आणि गाडी बंद. किक मारायला गेले तर किक दगडासारखी घट्ट. टेम्पोत घालून आणली. मिस्त्रीने उघडली आणि विचारलं, ‘ताई, ऑइल कधी बदललं होतं?’ मला आठवेना. आत तळाशी काळं, डांबरासारखं थोडंसं उरलेलं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. खर्च आला सात हजार दोनशे.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. घरात एक जण बोलून गेले, ‘बायकांच्या हातात गाडी दिली की असंच.’ माझं ठीक, मी उत्तर देऊ शकते. पण आमच्या गटातली एक मैत्रीण स्कूटीवर घरोघर दूध घालते. माझी गोष्ट तिच्या घरी कळली आणि तिची किल्लीच काढून घेतली गेली. ‘तुझीही अशीच जाईल.’ पंधरा दिवस तिने कॅन घेऊन पायपीट केली. चार गिऱ्हाइकं सुटली. माझ्या विसराळूपणाची किंमत तिने भरली, हे मला अजून सलतं.

विचार केला तर यात मागच्या पिढीला एक फायदा होता. माझ्या लहानपणी वडिलांकडे लुना होती. आपल्या नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणलेली. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे. दर वेळी पंपावर वडील आठवणीने सांगत, ‘ऑइल टाकून द्या.’ म्हणजे तेलाची आठवण आपोआप होत होती. आताच्या स्कूटी फोर-स्ट्रोक. तेल आत लपलेलं. पेट्रोलचा काटा समोर दिसतो, तेलाचा दिसत नाही. मग आपण समजतो, पेट्रोल घातलं की झालं! (२०२४ साली आलेल्या ई-लुनाला तर इंजिनच नाही, पण त्या सगळ्यांच्या दारात येईपर्यंत तेल बघावंच लागणार.)

बायकांना यंत्र कळत नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या डायना पुंडोले या दोन मुलांच्या आईने २०२४ साली मोटार शर्यतीतलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आपल्याला शर्यत जिंकायची नाही, पण आपली गाडी आपल्याला कळायला काय हरकत आहे?

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही मिस्त्रीलाच बोलावलं. अकरा जणींपैकी फक्त दोघींनी ऑइलची पट्टी कधी बाहेर काढून पाहिली होती. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडला लावायची, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तशी परत घालायची आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायचं. महिन्यातून एकदा, दोन मिनिटांचं काम. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं तेही पुस्तकात असतं. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कॅलेंडरवर लिहून ठेवायचं, दुधाच्या हिशोबाशेजारी. एअर फिल्टरही बघायचा, कारण आपल्या रस्त्यांची धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा झिजवते. आणि आवाज बदलला, ऑइलचा दिवा लागला किंवा गाडी जोर खाऊ लागली, तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही. तिथंच बंद करायची.

दूध घालणाऱ्या त्या मैत्रिणीने घरी जाऊन सर्वांसमोर पट्टी काढून दाखवली. ‘तुम्ही कधी बघितलं होतं का?’ असं तिने विचारलं म्हणे. कुणीच बघितलं नव्हतं. किल्ली दुसऱ्या दिवशी परत मिळाली. सुटलेल्या चार गिऱ्हाइकांपैकी दोन अजून आलेली नाहीत.

त्या संध्याकाळी मुलाने मलाही स्टीअरिंगवर बसवलं. तिसऱ्याच वळणावर माझं इंजिन गेलं. तो हसत म्हणाला, ‘काही नाही आई, बटण दाब, नवीन गाडी!’

मी बटण दाबलं. आणि उठून आधी अंगणात गेले, स्कूटीची पट्टी बघायला.