तिसऱ्या छिद्रातला कोमल गंधार

पेटीतून मींड निघत नाही, ही जुनी तक्रार. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली, त्यामागच्या कारणांत हेही होतं. मग पेटीच्याच कुळातला माऊथ ऑर्गन शिकागोच्या ब्लूज वादकाच्या ओठाला लागताच सूर ओढत, घसरत कसा काय वाजतो? पितळी पत्त्या तर दोन्हीकडे सारख्याच!

दहा छिद्रांची, सी पट्टीची हार्मोनिका. होनर कंपनीने 1896 मध्ये जर्मनीत काढलेलं ‘मरीन बँड’ याच जातीचं. ब्लूजवाला मात्र तिच्यावर सी नव्हे, जी हा षड्ज धरतो, म्हणजे ठेवणीतले सूर श्वास आत ओढताना मिळतात. तिसऱ्या छिद्रात फुंकलं की सा, ओढलं की शुद्ध गंधार. मधल्या कोमल रिषभ, शुद्ध रिषभ आणि कोमल गंधाराला तिथं पत्तीच नाही. तरी तिन्ही तिथूनच निघतात.

नवशिका त्यासाठी जीव खाऊन हवा ओढतो आणि पत्ती गुदमरते. खरं काम जिभेचं. ती ‘ई’च्या जागेवरून ‘ऊ’कडे मागे सरकली की तोंडातली पोकळी वाढते आणि तिचा घुमारा खाली उतरतो. घागर भरत आली की आवाज चढतो, त्याच्या नेमकं उलट. यात मिलिमीटरचा हिशेब असतो, आणि तो आरशात दिसत नाही. म्हणून तर शिकायला महिने लागतात.

पण केवळ पोकळीच्या बळावर एक पत्ती इतकी खाली येत नाही. हे कोडं नीट उलगडणाऱ्यांत एक हृदयशल्यविशारद होते, याचा उल्लेख फारसा कुठं होत नाही. पिट्सबर्गचे हेन्री बानसन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी एकेक पत्ती मुद्दाम बंद करून पाहिली. 1998 मध्ये शोधनिबंध आला. सूर खाली ओढला जातो तशी ओढीची पत्ती मंदावते आणि त्याच छिद्रातली, एरवी गप्प बसायची ती फुंकीची पत्ती सूत्रं हाती घेते. म्हणूनच सूर फुंकीच्या सुरापेक्षा अर्ध्या स्वराने वर येऊन अडतो. पेटीच्या पत्तीला असा शेजार नाही, आणि भात्याला जीभ नाही.

लिटल वॉल्टर या ब्लूज हार्मोनिकावादकाचं ‘जूक’ 1952 मध्ये अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिलं आलं. हार्मोनिका आणि मायक्रोफोन एकाच मुठीत धरून तो अँप्लिफायरचा आवाज मुद्दाम फाटू द्यायचा. तसले जुने माइक आज हौशी लोक चढ्या भावाने घेतात. घेवोत बापडे! माइकपर्यंत पोचतो तो सूर आधी तोंडात घडलेला असतो.

तोंडाला आणखीही बरंच जमतं. सहाव्या छिद्रात फुंकीला सा, ओढीला रिषभ. वरचा कोमल गंधार या दोहोंच्याही वर असल्यामुळे खाली ओढून तो मिळणं शक्यच नाही. 1970च्या सुमारास हॉवर्ड लेव्ही या शिकागोजवळ शिकणाऱ्या तरुणाने तो फुंकून काढला. फुंकताना साची पत्ती गप्प होते आणि वाजते ती रिषभाची, तीही अर्धा स्वर चढून.