बॉइज रँच : औदार्य आणि देखरेख

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या उत्तर भागात, कॅनेडियन नदीच्या काठी, टास्कोसा नावाचे एक गाव होते. १८८० च्या सुमारास गुराख्यांचे, जुगाराच्या अड्ड्यांचे आणि बंदुकबाजांचे गाव म्हणून त्याची ख्याती होती. १८८७ मध्ये लोहमार्ग आला तो या गावाला बाजूस टाकून. व्यापार ओसरला, १९१५ मध्ये जिल्ह्याची कचेरीही दुसरीकडे हलली. मागे उरले ते एक दगडी न्यायालय आणि टेकडीवरील स्मशान. ज्या गावास बाजारपेठेने टाकून दिले, त्याच गावी १९३९ मध्ये समाजाने टाकून दिलेल्या मुलांसाठी निवास निघावा, हा योगायोग खराच. परंतु जमीन फुकट मिळाली याचेही कारण तेच होते, हे विसरून चालणार नाही.

हा निवास म्हणजे कॅल फार्ले यांचे ‘बॉइज रँच’. फार्ले (१८९५–१९६७) हे पहिल्या महायुद्धात लढलेले सैनिक, नामांकित कुस्तीगीर आणि पुढे ॲमरिलो शहरात टायरचे दुकान भरभराटीस आणणारे व्यापारी. मंदीने आणि धुळीच्या वादळांनी १९३० नंतर त्या प्रदेशातील शेती उद्ध्वस्त केली. कर्ते पुरुष परागंदा झाले, कुटुंबे मोडली आणि त्यांची मुले शहराच्या रस्त्यांवर आली. फार्ले यांनी १९३४ मध्ये मुलांसाठी एक क्लब काढला. तथापि खेळ संपल्यावर ज्यांना जाण्यास घरच नाही अशा मुलांचे काय, हा प्रश्न क्लबाने सुटण्याजोगा नव्हता. तेव्हा ज्युलियन बिव्हिन्स या कुरणमालकाने टास्कोसाची १२० एकर जमीन देऊ केली आणि मूठभर मुले त्या जुन्या न्यायालयात राहावयास गेली. ज्या दालनात एके काळी गुन्हेगारांना शिक्षा सुनावल्या जात, तिथे मुलांच्या खाटा पडल्या.

मुलाला सुधारगृहात डांबण्यापेक्षा त्याला घोडा द्यावा, वासरू द्यावे, शेतीचे काम द्यावे, शाळेत घालावे आणि कोणीतरी त्याचे आहे असे त्यास वाटू द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. त्या काळी ती निःसंशय पुरोगामी होती. पुढे मुलांची संख्या शेकड्यांवर गेली, जमीन हजारो एकर झाली, स्वतःची शाळा आणि टपाल कचेरीही आली. १९४६ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने या रँचवर चित्रपट काढला. येथे वाढलेल्या कित्येकांनी आपले आयुष्य या जागेमुळे मार्गी लागले असे कृतज्ञतेने सांगितले आहे, आणि त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही.

परंतु अशा संस्थेचे अर्थकारण नीट तपासावयास हवे. बॉइज रँच चालले ते प्रामुख्याने खाजगी देणग्यांवर. बाजारात जो पैसा देतो तोच वस्तू वापरतो. वस्तू वाईट निघाली तर तो दुकान बदलतो. येथे पैसा देणारा दाता, सेवा घेणारे मूल, आणि या दोघांची गाठ क्वचितच पडणारी. दाता दूरच्या शहरात. मूल ॲमरिलोपासून सुमारे ६० किलोमीटरवर, माळरानात. त्याला दुकान बदलता येत नाही. दात्याला जे दिसते ते संस्थेने दाखविलेले: छायाचित्रे, पत्रके आणि दरवर्षी सप्टेंबरच्या आरंभी भरणारा मुलांचा रोडिओ. उधळणाऱ्या जनावराच्या पाठीवर टिकून बसलेला मुलगा पाहून टाळ्या वाजविणाऱ्या पाहुण्याला त्या मुलाची रात्र कशी जाते हे कसे कळावे?

प्रसिद्धीवर जगण्याचे हे अर्थशास्त्र कधी कधी उलटतेही. नेब्रास्का राज्यातील फादर फ्लॅनॅगन यांच्या ‘बॉइज टाऊन’वर १९३८ साली चित्रपट निघाला आणि स्पेन्सर ट्रेसी यांना त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. झाले असे की, संस्था आता सधन झाली अशी प्रेक्षकांची समजूत होऊन देणग्या आटल्या. दाता गरजेला नव्हे, गरजेच्या चित्राला पैसा देतो, याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

फार्ले १९६७ मध्ये वारले. त्यानंतर अर्धशतकाने, २०१७ मध्ये, ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राने पूर्वी रँचवर राहिलेल्या काही जणांच्या हकिगती छापल्या. आता वृद्धत्वाकडे झुकलेली ही माणसे मुलेपणी सोसलेल्या बेदम मारहाणीविषयी बोलत होती. संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी हे आरोप उडवून लावले नाहीत. मुलांना इजा झाल्याचे त्यांनी मान्य केले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. पण प्रश्न असा की, हे उजेडात यावयास इतकी वर्षे का लागावीत? दुष्ट माणसे संस्थेत शिरली, एवढे उत्तर पुरेसे नाही. मुलाला शहरातील वाईट संगतीपासून तोडण्यासाठी जे दूरपण निवडले गेले, त्याच दूरपणाने त्याला दाद मागण्याच्या वाटेपासूनही तोडले. शिवाय ‘बिघडलेला मुलगा’ हा शिक्का एकदा बसला की त्याची तक्रार हाच त्याच्या बिघाडाचा पुरावा ठरतो.

देखरेखीचे काम अशा वेळी शासनावर येते. टेक्ससने १९७५ मध्ये बालनिवासांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. त्याला कडवा विरोध केला तो लेस्टर रोलॉफ या धर्मोपदेशकाने; आपली वसतिगृहे ईश्वराची असून त्यांना राज्याचा परवाना कशाला, असा त्यांचा सवाल होता. हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत गाजला. पुढे १९९७ मध्ये त्याच राज्याने धार्मिक निवासांना सरकारी परवान्याऐवजी आपल्या पंथीयांचीच मान्यता घेण्याची सवलत दिली, आणि २००१ मध्ये ती संपुष्टात आली. स्वातंत्र्याच्या नावाने मागितलेली ही सूट कोणाच्या स्वातंत्र्यासाठी होती, हे त्या निवासांतील मुलांना कोणी विचारले नाही.

बॉइज रँच आज पूर्वीचे राहिलेले नाही. १९८७ मध्ये ‘गर्ल्सटाऊन’ ही मुलींची संस्था त्यात विलीन झाली, आणि आघात सोसलेल्या मुलाला शिस्तीपेक्षा सुरक्षितपणाची गरज अधिक, हे तत्त्व तिथे स्वीकारले गेले आहे. अशी निगा खर्चिक असते. एका मुलामागे अधिक प्रशिक्षित माणसे लागतात. म्हणजे तितक्याच देणग्यांत कमी मुले. किती मुले वाढविली हा आकडा दात्याला सांगता येतो, एखादे मूल रात्री निर्धास्त झोपले हे पत्रकात छापता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत अशा निवासी संस्थांतील बालछळासंबंधी संघराज्याचा कायदा झाला. त्याचा मुख्य भाग तूर्त अभ्यासाचा आहे. परवाना आणि तपासणी अजूनही ज्या त्या राज्याकडेच आहे.