जबड्याचा सांधा

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडावे. तेथे जे हलते तो जबड्याचा सांधा. आतली तंतुमय चकती सरकली की 'कट्' असे वाजते. नुसत्या आवाजाला आम्ही आजार मानीत नाही. पण परीक्षेच्या धास्तीने मुले दात आवळतात आणि कानशिले ठणकतात. घरचे कानदुखी समजून तेल घालतात, क्वचित निरोगी दाढही उपटली जाते! उपाय बहुधा साधा: मऊ अन्न, शेक आणि काही दिवस दाताने ऊस सोलणे बंद. प्रवरेकाठी हे पथ्य कठीणच! मात्र स्वतःची तीन उभी बोटे तोंडात मावत नसतील, तर मुलगा मावा खातो काय, हे आधी विचारावे. सुपारीने गाल आतून ताठतात, ते सहसा पूर्ववत होत नाहीत. अशा मुलाला लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयात विनाविलंब दाखवावे.