उघड्या टाकीतील मासे

खाडीकाठी राहणाऱ्यांना मासा पाण्याबाहेर उसळतो याचे नवल वाटत नाही. बोई उसळ्या मारते, निवटी तर ओहोटीच्या चिखलावर चढून बसते. परंतु खाडीतला मासा उसळला तरी पुन्हा पाण्यातच पडतो. घरच्या टाकीतून उसळलेला फरशीवर पडतो, आणि तोही बहुधा रात्री. सकाळी केर काढणाऱ्याला तो सापडतो. म्हणून खाऱ्या पाण्याच्या उघड्या टाकीसाठी मासे कोणते आणावेत, हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. त्यात एका जिवाचा आणि पुष्कळांच्या बाबतीत पगारातल्या मोठ्या हिश्शाचा सवाल असतो.

टाकी उघडी ठेवण्यालाही कारण आहे. प्रवाळ ठेवायचे तर वरून प्रखर उजेड लागतो, हवा खेळावी लागते, आणि बाष्प उडाल्याने पाणी थंड राहते. (बाष्प उडते ते पाण्याचे, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.)

आता मासा उडी का मारतो? विकणारा सांगतो, "त्याची जातच तशी." हे अर्धे खरे आहे. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात मोठ्या मज्जापेशींची एक जोडी असते. धक्का बसताच तिच्या इशाऱ्याने अंग धनुष्यासारखे वाकते आणि मासा सुटतो. विचाराला तेथे वावच नसतो. दिवा एकदम मालवला, दार आपटले, शेजारचा दांडगा मासा अंगावर आला, की हेच घडते. समुद्रात तो दूर निघून गेला असता. टाकीत तीन हातांवर काच आहे, मोकळी वाट वरचीच. गिरणीतला माणूस नोकरी सोडून गेला की 'याचे मन रमत नव्हते' असा शेरा पडे. आम्ही आधी विचारीत असू, त्याच्या खात्यात जॉबर कोण होता? माशाबाबतही मी तेच विचारतो.

तरीही अंगकाठी पाहावीच. सडपातळ, चपळ आणि बिळाच्या आसऱ्याने जगणारे मासे उघड्या टाकीत आणू नयेत. फायरफिश बिळावर तरंगत असतो. भ्याला आणि बिळाची वाट चुकली की तो वर सुटतो. जॉफिश त्याच माळेतला. रास कुळातले रंगीत, चपळ मासेही तसेच. ईल तर उडी न मारता काठावरून सरपटत जातो.

याउलट विदूषक मासा, म्हणजे क्लाऊनफिश, आपले समुद्रफूल सोडून फारसा हिंडत नाही. पैदास करून वाढवलेलाच घ्यावा, आणि जोडीच ठेवावी. जोडीत मोठी ती मादी. तिसरा आणला तर दोघे मिळून त्याला छळतात, मग तो गरीब मासाही उडी घेतो. कार्डिनल मासा संथ असतो, तोही चालेल. मँडरिन तळाशीच रांगतो. पण नव्या टाकीत त्याला लागणारे सूक्ष्म जीव नसतात आणि तो उपाशी मरतो. बॉक्सफिशचे अंग कठीण कवचाचे, ते वाकतच नाही, मग उडी कसली? मात्र फार घाबरला तर तो अंगातून विष सोडतो आणि शेजारी मरतात. तेव्हा न उडणारा मासा म्हणजे सोपा मासा, असे समजू नये. समुद्रघोड्याला शेपटीचा परच नाही, तोही उडत नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला २००१ साली संरक्षण मिळाले आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये.

मासा निवडून झाला तरी पहिले काही आठवडे जोखमीचे. खडकांत लपायला जागा अगोदर करावी, भांडखोर मासा सर्वांत शेवटी सोडावा. रात्री मोठा दिवा घालवल्यावर अर्धा तास एक मंद दिवा जळू द्यावा. पाणी काठापासून चार बोटे खाली ठेवतात, पण त्याने जोरकस उडी अडत नाही. खरा बंदोबस्त म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक भोकांची पारदर्शक जाळी. तिच्यातून उजेड आणि वारा दोन्ही जातात. ती बसवताना पंपाच्या नळीसाठी ठेवलेली फट तेवढी पाहून घ्या. बोटभर फटही सडपातळ माशाला पुरते.